वखारीचे कागद आणि निवृत्त अधिकारी: कंपनीच्या सुरुवातीच्या काळाचा इतिहास लिहायला कसं बसायचं

ईस्ट इंडिया कंपनीची सतराव्या शतकातली पत्रं वाचायला घेतली की तीस-पस्तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला त्यातला सूर ओळखीचा वाटतो. माल वेळेत आला नाही. मिरीचा दर चढलाय. सुभेदार अडवून धरतोय. मागच्या पत्राला उत्तर नाही. अमक्याला परत बोलवा, तो स्वतःचाच धंदा करतोय. तलवारी आणि सिंहासनं या कागदांत अधूनमधून येतात, बाकी सगळा कचेरीचा पत्रव्यवहार आहे.

राजापूरचं प्रकरण घ्या. पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा पडला होता तेव्हा, १६६० मध्ये, राजापूर वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन आणि त्याचे साथीदार दारूगोळा घेऊन तिथे गेले आणि इंग्रजी निशाण लावून गडावर गोळे टाकले. पुढच्या वर्षी शिवाजी महाराजांनी राजापूर मारलं, वखार खणून काढली आणि इंग्रजांना कैद केलं. कैदी सुरतेला पत्रांवर पत्रं लिहीत राहिले: आम्हाला सोडवा, तुम्ही आमच्यासाठी काहीच करत नाही. मार्च १६६२ मध्ये सुरतेच्या प्रेसिडेंटकडून जे उत्तर गेलं त्याचा आशय असा, की तुम्ही कैदेत का पडलात ते तुम्हाला चांगलं ठाऊक आहे. कंपनीचा माल राखताना नव्हे, पन्हाळ्याच्या वेढ्यात जाऊन आपलं निशाण दाखवत गोळे फेकल्यामुळे.

ज्यानं हेड ऑफिस आणि ब्रँच यांच्यामध्ये उभं राहून नोकरी काढली आहे, त्याला हे पत्र समजावून सांगावं लागत नाही. ब्रँचनं परस्पर उद्योग केला, अंगाशी आला आणि वरच्यांनी हात झटकले. शिवाय ते हात झटकणं लेखी करून ठेवलं, कारण उद्या लंडनहून विचारणा होणार. कागद कुणी, कुणाला, कशासाठी लिहिला आणि त्याची नक्कल फाइलला का लावली, हे ओळखण्याची नजर तुमच्याकडे आधीच आहे. इतिहासाच्या पदवीधराला ती कमवावी लागते. तुम्हाला बाकीचं कमवायचं आहे: तारखा, अक्षर, जुनी नावं, दुसऱ्या बाजूची साधनं आणि लेख लिहिण्याची रीत. हा लेख त्या बाकीच्यासाठी.

वयाची काळजी करणाऱ्यांनी रियासतकार सरदेसायांकडे पाहावं. १८६५ सालचा जन्म, बडोद्याच्या गायकवाडांकडे सारी नोकरी. रियासतीचं, म्हणजे त्यांच्या मराठीतल्या अनेक खंडी इतिहासाचं काम त्यांनी नोकरीत असतानाच सुरू केलं होतं, पण पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड त्यांनी संपादित केले ते निवृत्त होऊन कामशेतला राहायला गेल्यावर, साठीनंतर. मराठ्यांचा इंग्रजीतला त्रिखंडी इतिहास त्यांनी ऐंशीच्या घरात असताना पुरा केला.

विषय लहान करा, अजून लहान करा

निवृत्तीनंतर लिहायला बसणारा बहुतेकदा 'इंग्रज भारतात कसे आले' असा विषय घेतो. १६०० च्या सनदेपासून सुरुवात होते आणि सहा महिन्यांत गाडी जहांगीराच्या दरबारातल्या थॉमस रोच्या वकिलातीपाशी अडते, कारण त्या विषयावर सगळं लिहून झालेलं असतं आणि आपण ते फक्त परत सांगत असतो.

त्याऐवजी एक ठिकाण, एक प्रश्न आणि दहा-पंधरा वर्षांचा पट्टा घ्या. राजापूरच्या लुटीची नुकसानभरपाई इंग्रजांनी किती वर्षं आणि कोणकोणत्या वकिलांमार्फत मागितली? १६७४ च्या तहात १०,००० होन ठरले, पण ठरणं आणि हातात पडणं यात केवढं अंतर होतं? हा एका पुस्तकाचा विषय आहे. मुंबईचं हस्तांतर घ्या: पोर्तुगीज राजकन्येशी लग्नाच्या तहात १६६१ मध्ये बेट इंग्लंडच्या राजाला मिळालं, प्रत्यक्ष ताबा १६६५ मध्ये आणि १६६८ मध्ये वर्षाला १० पौंड खंडानं ते कंपनीकडे गेलं. या सात वर्षांत बेटावरचे भंडारी, कोळी, कुणबी आणि पोर्तुगीज जमीनदार कुणाला सारा देत होते? वेंगुर्ल्याची डच वखार घ्या; तिच्या भिंती आजही उभ्या आहेत आणि मराठीत तिच्यावर फार थोडं लिहिलं गेलंय.

माझं स्पष्ट मत आहे की विषय आपल्या धंद्याच्या जवळचा निवडावा. बँकेत होता तर नाणी, हुंडी आणि विरजी व्होरासारख्या सुरतेच्या सावकारांनी कंपनीला दिलेली कर्जं. परचेसमध्ये होता तर मिरी: ती हुबळी-कारवारकडून घाटानं कशी उतरायची, दलालाला आगाऊ रक्कम किती द्यावी लागायची, ओलसर माल कोण तपासायचं. शिपिंगमध्ये होता तर मोसमी वारे आणि जैतापूरची खाडी, जिथे मोठं जहाज थांबायचं आणि तिथून पुढे माल होड्यांनी राजापूरला जायचा. कायदा विभागात होता तर रामा कामतींचा खटला. त्याच्याबद्दल पुढे सांगतो. ज्या कामात आयुष्य गेलं त्या कामाचे प्रश्न तुम्ही कागदाला विचाराल, आणि ते प्रश्न दुसऱ्या कुणी विचारलेले नसतील.

पहिले सहा महिने छापील साधनांवर

दप्तरखान्यात धावू नका. आधी जे छापलेलं आहे ते संपवा, ते पुष्कळ आहे. विल्यम फॉस्टरनं भारतातल्या इंग्रज वखारींच्या कागदांचे १६१८ ते १६६९ या काळाचे १३ खंड काढले, त्यापुढचा १६८४ पर्यंतचा भाग चार्ल्स फॉसेटनं केला. शिवकाळापुरते इंग्रजी कागद पुण्याच्या शिवचरित्र कार्यालयानं १९३१ मध्ये एकत्र छापले. मुंबई सरकारच्या दप्तरातले निवडक कागद जॉर्ज फॉरेस्टनं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी प्रसिद्ध केले. यातलं बरंचसं स्कॅन होऊन इंटरनेटवर मोफत उपलब्ध आहे. कागदावरच वाचायचं असेल तर मुंबईची एशियाटिक सोसायटी आणि पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ ही दोन ठिकाणं.

इथे एक सावधगिरी बाळगा. फॉस्टरच्या खंडांत बहुतेक पत्रांचा सारांश आहे, पूर्ण मजकूर नाही. कुठली ओळ ठेवायची आणि कुठली गाळायची हे त्यानं त्याच्या काळाच्या दृष्टीनं ठरवलं. दलालाचं नाव, बाईचा अर्ज, गुलामाची किंमत, हमालांचा संप अशा गोष्टी सारांशात सहज गळतात. तेव्हा छापील खंड दिशा दाखवण्यासाठी वापरा आणि ज्या पाच-पंचवीस पत्रांवर तुमचा सगळा लेख उभा आहे त्यांचा मूळ मजकूर मिळवाच.

तारखांचा गुंता पहिल्याच महिन्यात सोडवा

या भागावर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण हौशी इतिहासलेखकाचं काम सर्वांत जास्त इथेच कच्चं राहतं.

सतराव्या शतकात इंग्रज जुनं, ज्युलियन कॅलेंडर वापरत. पोर्तुगिजांनी १५८२ मध्येच नवं, ग्रेगोरियन कॅलेंडर स्वीकारलं होतं. त्या शतकात दोन्हींत दहा दिवसांचं अंतर होतं. म्हणजे मुंबईच्या इंग्रजानं ५ तारखेला लिहिलेलं पत्र आणि गोव्याच्या व्हाइसरॉयनं १५ तारखेला लिहिलेलं पत्र एकाच दिवशीची असतात. हे लक्षात घेतलं नाही तर उत्तर आधी आणि प्रश्न नंतर असा घोळ होतो. डचांच्या कंपनीचे कागदही नव्या पद्धतीचे असतात. इंग्लंडनं कॅलेंडर बदललं ते थेट १७५२ मध्ये.

इंग्रजांचं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, हे दुसरं. सुरतेवरची पहिली स्वारी जानेवारी १६६४ ची, पण तेव्हाच्या इंग्रजी पत्रावर साल १६६३ पडतं. वर सांगितलेलं कैद्यांना गेलेलं उत्तर आपण मार्च १६६२ चं म्हणतो, पण १० मार्चला लिहिणाऱ्या कारकुनाच्या हिशेबात अजून १६६१ सालच चालू होतं. म्हणून जानेवारी ते २४ मार्चपर्यंतच्या तारखांना १६६३/६४ असं दुहेरी साल लिहायची पद्धत आहे. तीच पाळा.

मराठी कागदांत शक, राज्याभिषेक शक आणि सुहूर सन असे तीन हिशेब भेटतात. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, आणि पौषाच्या आसपास १ जानेवारी उलटून गेला असेल तर ७९. सुहूर सन मृगाला सुरू होतो; त्यात जूनपासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढे ६०० मिळवायचे. तो आकड्यांत न लिहिता अरबी शब्दांत लिहिलेला असतो. 'खमस सबैन अलफ' म्हणजे पाच, सत्तर, हजार, १०७५. त्यात ५९९ मिळवले की १६७४, राज्याभिषेकाचं साल. इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सीत, सबा, समान, तिसा हे एकापासून नवापर्यंतचे शब्द टेबलासमोर भिंतीवर लावून ठेवा, आठवडाभरात पाठ होतात.

राज्याभिषेकाची आपण मानतो ती ६ जून १६७४ ही तारीख जुन्या पद्धतीची आहे. नव्या पद्धतीनं तो दिवस १६ जून. रायगडावर तेव्हा इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन हजर होता आणि त्यानं आपल्या कॅलेंडरप्रमाणे तारीख टाकली. लेखाच्या सुरुवातीलाच एका ओळीत सांगून टाका की तुमच्या तारखा कोणत्या पद्धतीच्या आहेत, आणि शेवटपर्यंत ती पद्धत मोडू नका.

एक तक्ता, रोज भरायचा

वहीत टिपणं काढणाऱ्यांचा मी आदर करतो, पण पाचशे पत्रं झाली की वही पुरत नाही. एक्सेलचा साधा तक्ता करा. रकाने असे: कागदावरची तारीख, बदललेली तारीख, कुठून, कुणी, कुणाला, कागद आता कुठे आहे आणि त्याचा क्रमांक, विषय दोन ओळींत, माणसांची आणि गावांची नावं जशी लिहिली आहेत तशी, आणि लिहिणाऱ्यानं ही गोष्ट स्वतः पाहिली की ऐकली.

हा शेवटचा रकाना कधीही रिकामा ठेवू नका. का, ते एका नोंदीवरून दाखवतो. सुरत वखारीचा धर्मोपदेशक एस्कलिअट यानं पहिल्या स्वारीनंतर विलायतेला एक लांब पत्र लिहिलं. तारीख २६ जानेवारी १६६३/६४, आजच्या पद्धतीनं ५ फेब्रुवारी १६६४. शिवाजी महाराजांचं मध्यम उंचीचं, रेखीव बांध्याचं, तीक्ष्ण नजरेचं जे वर्णन सगळीकडे उद्धृत होतं त्यातलं एक महत्त्वाचं वर्णन याच पत्रातलं. प्रत्यक्षदर्शी इंग्रजाचं म्हणून ते सांगितलं जातं. पण एस्कलिअट स्वतःच लिहितो की ज्यांनी त्यांना पाहिलं त्यांच्या सांगण्यावरून तो हे लिहीत आहे. वखारीचा अँथनी स्मिथ नावाचा माणूस मराठ्यांच्या छावणीत पकडून नेला गेला होता आणि नंतर सुटून आला होता. अशा माणसांचं बोलणं या वर्णनामागे आहे. वर्णनाची किंमत यामुळे शून्य होत नाही, पण 'पाहिलं' आणि 'पाहिलेल्याकडून ऐकलं' यातला फरक तुमच्या वाक्यात उतरला पाहिजे.

त्याच स्वारीबद्दल सुरतेच्या कौन्सिलनं कंपनीला जे कळवलं त्याच्या नोंदीत आणखी एक गोष्ट टिपायची: लिहिणाऱ्याचा फायदा कशात होता. इंग्रजांनी वखार लढवून वाचवली हे खरंच. पण त्या बचावाबद्दल बादशहाकडून जकातीत सूट आणि कंपनीकडून प्रेसिडेंट जॉर्ज ऑक्झिंडेनला सोन्याचं पदक मिळालं, हेही खरं. अहवाल आणि बक्षीस यांचं नातं तुम्ही नोकरीत पाहिलेलं आहे, ते इथे लावा.

आणि पत्राला लागणारा वेळ मोजा. पावसाळ्यात समुद्र बंद. विलायतेची जहाजं साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरतेला लागत आणि वर्ष पालटल्यावर माल भरून परत निघत. इथल्या प्रश्नाला लंडनचं उत्तर मिळायला दीड-दोन वर्षं जात. त्यामुळे कंपनीनं अमुक धोरण ठरवलं असं लिहिण्याआधी तक्त्यात पाहा: हुकूम इथे पोचला त्या दिवशी इथल्या माणसांनी आधीच काय करून टाकलं होतं? पुष्कळदा धोरण म्हणून जे दिसतं ते झालेल्या गोष्टीला मिळालेली मागाहूनची मंजुरी असते.

अक्षर वाचायला शिकणं

मोडी आणि सतराव्या शतकातलं इंग्रजी हस्ताक्षर, दोन्ही शिका. मोडीचे वर्ग पुण्यामुंबईसह बऱ्याच शहरांत चालतात आणि पुराभिलेख विभागही ते घेत आला आहे. मुळाक्षरं पंधरा दिवसांत येतात; पण शब्द न तोडता, काना-वेलांटीत ऱ्हस्वदीर्घ न पाळता लिहिलेली ओळ वाचायला रोज अर्धा तास आणि वर्षभराचा धीर लागतो. सोपा मार्ग असा की ज्या मोडी कागदाचं देवनागरी वाचन छापलेलं आहे तोच घ्या, आधी स्वतः वाचा, मग ताडून पाहा.

इंग्रजी हस्ताक्षरासाठी ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारानं वेबसाइटवर मोफत धडे ठेवले आहेत. हस्ताक्षर ओळखणारी ट्रान्स्क्राइबससारखी सॉफ्टवेअरं आता बरंच वाचून देतात. त्यांचा उपयोग करा, पण नावं आणि आकडे प्रत्येक वेळी स्वतः तपासा. यंत्र नेमकं तिथे अडखळतं, आणि आपल्याला नेमकं तेच हवं असतं.

दप्तरखान्यात

मुंबईचं पुराभिलेखागार काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत. सुरत आणि मुंबईच्या वखारींचे जुने दस्त तिथे आहेत. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तर. ते मुख्यतः अठराव्या शतकाचं. पणजीचं पुराभिलेखागार तर आशियातल्या सर्वांत जुन्या दप्तरांपैकी: १५९५ मध्ये दियोगु द कोतु या इतिहासकाराला तिथला पहिला दप्तरदार नेमलं गेलं. दरवर्षीच्या मोसमी जहाजांबरोबर लिस्बन आणि गोवा यांच्यात झालेला पत्रव्यवहार 'मोन्सून' ग्रंथमालेत बांधून ठेवलेला आहे. ज्यांना पोर्तुगीज येत नाही त्यांच्यासाठी डॉ. पांडुरंग पिसुर्लेकरांनी आयुष्यभर खपून वाट करून ठेवली आहे. मराठ्यांशी संबंध असलेले गोव्यातले कागद त्यांनी उजेडात आणले नसते तर आपला अर्धा इतिहास एकांगी राहिला असता.

जाण्यापूर्वी फोन करा. ओळखपत्र, विषय नेमका लिहिलेला अर्ज आणि शक्य असल्यास एखाद्या संस्थेचं शिफारसपत्र बरोबर न्या. आत पेन चालत नाही, पेन्सिल ठेवा. फोटो काढायची परवानगी आणि त्याचे दर आधी विचारा. 'शिवकाळासंबंधी सर्व कागद' अशी मागणी केली तर हाती काही येत नाही. छापील साधनांतून काढलेला दस्त क्रमांक आणि साल चिठ्ठीवर लिहिलं तर कागद समोर येतो. पहिल्या दिवशी तिथल्या कर्मचाऱ्यांशी दोन शब्द बोला. कुठल्या रुमालात, म्हणजे कागदांच्या गाठोड्यात, काय आहे हे सूचीपेक्षा त्यांना जास्त माहीत असतं. तुमचं पद आता मागे राहिलंय, तिथे तुम्ही शिकाऊ आहात, आणि तसं वागलात तर सगळे मदत करतात.

लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचे कागद सुमारे १४ किलोमीटर लांबीच्या कपाटांवर आहेत. सुरत वखारीचे दस्त 'जी ३६' आणि मुंबईचे 'जी ३' या क्रमांकाखाली मिळतात. मुलं किंवा नातेवाईक तिकडे असतील तर पत्र-क्रमांकांची यादी करूनच जा, म्हणजे आठवडा सत्कारणी लागतो. डच कंपनीचे कागद हेगच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि त्यांतले बहुतेक घरबसल्या पाहता येतात.

नावं, नाणी, वजनं

इंग्रजी कागदातला 'नेरगी पंडित' म्हणजे निराजीपंत, 'केअरपट्टन' म्हणजे खारेपाटण, 'बसीन' म्हणजे वसई, 'बिमगी पॅरॅक' म्हणजे भीमजी पारेख, ज्यानं १६७० च्या दशकात छपाईयंत्र आणि मुद्रक विलायतेहून मुंबईला मागवून घेतले. लेखात मराठी रूप वापरा, तक्त्यात मूळ रूप ठेवा. ओळख पटत नसेल तर अंदाजानं मराठी नाव ठोकून देऊ नका. मूळ उच्चार तसाच लिहा आणि ओळख पटलेली नाही असं सांगा.

नाण्यांची यादीही अशीच लांब: सुरतेला महमुदी आणि रुपया, कोकणात लारी, विजापूर-कर्नाटकाकडे होन, पोर्तुगीज मुलखात आणि जुन्या मुंबईत अशरफी. मणही ठिकठिकाणी वेगळा. या सगळ्यांची आजच्या रुपयांत किंमत काढायचा मोह आवरा. 'आजचे इतके कोटी' हा आकडा वाचकाला काही सांगत नाही. त्याच वर्षी त्याच गावात त्या पैशात किती मिरी येत होती किंवा शिपायाचा महिना किती होता, हे सांगा. ते कागदात सापडतं.

कागद खोटा असू शकतो

रामा कामती हे मुंबईचे मोठे शेणवी व्यापारी, कंपनीच्या विश्वासातले. वाळकेश्वराचं देऊळ १७१५ च्या सुमारास त्यांनी नव्यानं उभं केलं. १७१८ च्या नाताळात फोर्टातलं सेंट थॉमस चर्च उघडलं तेव्हा ते आपल्या लोकांसह तो सोहळा पाहायला हजर होते. लवकरच त्यांच्यावर कान्होजी आंग्र्यांशी गुप्त पत्रव्यवहार केल्याचा आरोप आला. १७२० मध्ये खटला झाला, शिक्षा झाली, मालमत्ता जप्त झाली आणि ते कैदेतच वारले. ज्या पत्रांवर हा आरोप उभा होता ती बनावट होती असं पुढे दिसून आलं.

आता हे पाहा: खटल्याचे कागद दप्तरात आहेत, व्यवस्थित बांधलेले, सही-शिक्क्यांसह. पुढच्या संशोधकानं फक्त तेवढेच वाचले तर रामा कामती फितूर ठरतात. म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या कागदाला ऑडिटरसारखे प्रश्न विचारा. हा मूळ आहे की नक्कल? भाषांतर असेल तर कुणी केलं? जप्त झालेली मालमत्ता कुणाकडे गेली? कागद पुढे आला त्या वेळी गव्हर्नर अडचणीत होता का? रामा कामतींच्या वेळचा गव्हर्नर चार्ल्स बून होता आणि आंग्र्यांविरुद्धच्या त्याच्या आरमारी मोहिमा फसत होत्या. अशा वेळी घरचा फितूर सापडणं किती सोयीचं असतं, हे लक्षात ठेवून वाचा.

दुसऱ्या काठावरून

इंग्रजांनी कागद जपले, म्हणून इतिहास त्यांच्या खिडकीतून दिसतो. सतराव्या शतकातले मराठी कागद त्या मानानं थोडे उरले आहेत, आणि म्हणूनच जे आहेत ते सोडायचे नाहीत. लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये उजेडात आणलेली जेधे शकावली, म्हणजे सालवार घटनांची जुनी यादी, तारखा ताडायला लागते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात टोपीकरांबद्दल, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांबद्दल, जे बजावलं आहे, की हे इतर सावकारांसारखे नव्हेत, यांच्या मागे यांची राज्यं आहेत, ते वखारींच्या पत्रांशेजारी ठेवून वाचलं तर मराठी राज्यकर्त्यांना काय दिसत होतं ते कळतं. देवस्थानांच्या सनदा, वतनाचे महजर (निवाड्याचे कागद), घराण्यांचे जुने रुमाल, गावातल्या गढीतले दस्त यांचा शोध घ्या. घरोघरी अजून कागद आहेत. ते मागून घरी नेऊ नका. मालकासमोर फोटो काढा, एक प्रत त्यांना द्या आणि परवानगी लेखी घ्या.

आणि जागेवर जा. सुरतेला ऑक्झिंडेन बंधूंची भलीमोठी समाधी पाहिली की हे व्यापारी स्वतःला काय समजू लागले होते ते कळतं. राजापूरच्या खाडीवर ओहोटीच्या वेळी उभं राहिलं की जहाज जैतापूरलाच का थांबायचं हा प्रश्न उरत नाही. भरती-ओहोटी, घाटाचा चढ, दोन गावांमधलं चालण्याचं अंतर यांची टिपणं तुमच्या लेखात थेट उपयोगी पडतात.

लिहिताना अधिकाऱ्यानं काय सोडायचं

नोकरीतली नजर ठेवा, नोकरीतली भाषा सोडा. आपल्याला निष्कर्ष आधी आणि तपशील परिशिष्टात टाकायची सवय असते. इथे तपशील हेच लेखाचं अंग. कर्मणी प्रयोगही सोडा: 'निर्णय घेण्यात आला' असं लिहिलं की निर्णय घेणारा लपतो. गुलाम खरेदी करण्यात आले, असं नाही. कुणी, कुणाकडून, कितीला घेतले ते लिहा. कंपनीच्या मुंबईत गुलाम होते, आणि ते नोंदींत फक्त मालाच्या ओळीसारखे येतात. त्यांना वाक्याचा कर्ता करणं हे आपल्या हातात आहे.

माणसांच्या मनात शिरू नका. 'औंगिअरला वाटलं असेल' हे कादंबरीकाराचं काम. त्यानं काय लिहिलं, काय केलं, आणि लिहिण्या-करण्यात कुठे फरक पडला, एवढं सांगितलं की वाचक स्वतः त्याच्या मनापर्यंत जातो. जेराल्ड औंगिअर १६६९ ते १६७७ गव्हर्नर होता. मुंबईला न्यायालय, टांकसाळ आणि व्यापाऱ्यांना धर्माचं अभय देणारा म्हणून त्याचं कौतुक होतं, ते योग्यही आहे. पण हे सगळं बेटावर वस्ती आणि जकात वाढावी म्हणून होतं, हेही त्याच्याच पत्रांत आहे. दोन्ही लिहा.

शिवाजी महाराजांबद्दल लिहिताना आपलं मन भरून येतं, येऊ दे. पण इंग्रजी पत्रातला स्तुतीचा भाग उचलायचा आणि तक्रारीचा गाळायचा, असं करू नका. तक्रार वाचली की कळतं, त्यांना महाराजांशी व्यवहार करणं किती जड जात होतं. राजापूरच्या भरपाईसाठी वर्षानुवर्षं येणारे वकील आणि त्यांना दिलेली गोड, न बांधणारी उत्तरं यात एक मुरलेला राज्यकर्ता दिसतो.

पहिलं लेखन पुस्तकाचं नसावं. एकच पत्र घ्या आणि त्यावर दीड हजार शब्द लिहा: कुणी, कधी, का लिहिलं, त्यात काय आहे, काय लपवलंय, त्यानंतर काय झालं. असे आठ-दहा लेख झाले की त्यांतूनच पुस्तकाची प्रकरणं पडायला लागतात. दिवाळी अंक, जिल्ह्यातली नियतकालिकं आणि भारत इतिहास संशोधक मंडळाचं त्रैमासिक यांकडे पाठवा. आधार प्रत्येक विधानाला द्या, दस्त क्रमांकासकट. संपादक टिपा काढून टाकतो म्हणाला तरी तुमच्या मूळ प्रतीत त्या राहू द्या. छायाचित्र किंवा नकाशा दप्तरखान्याचा असेल तर छापण्याची परवानगी वेगळी घ्यावी लागते आणि तिला महिने लागतात, तेव्हा लेख अर्धा झाला की अर्ज टाका.

छापायला देण्यापूर्वी मजकूर दोन माणसांना वाचायला द्या. एक मोडी आणि मराठी कागद जाणणारा, जो तुमची नावं आणि तारखा तपासेल. दुसरा या विषयाशी काही संबंध नसलेला, शक्यतो तुमच्या हाताखाली कधीही काम न केलेला, म्हणजे कंटाळा आला तर तो तसं सांगेल. आणि तक्त्याची एक प्रत, लिप्यंतरांसकट, जवळच्या ग्रंथालयाला किंवा मंडळाला देऊन ठेवा. राजापूरच्या भरपाईचा शेवटचा होन कधी आणि कुठल्या मालाच्या रूपात पोचला, हे शोधणाऱ्या पुढच्या माणसाला तिथून सुरुवात करता येईल.